करडी माती

१

जुनं यंत्र विकत घेताना काय काय बघायचं, हे नेव्हिल पास्कोला तोंडपाठ होतं. बकेट जमिनीवर टेकवून लोखंडी हात हलवायचा आणि सांधे खुळखुळतात का ते ऐकायचं. तेलाच्या नळ्यांवरून बोट फिरवायचं. चाकांवरच्या रबरी पट्ट्यांच्या भेगा बघायच्या. चावी फिरवायची ती इंजिन गार असतानाच, कारण विकणारे लबाड आधीच तापवून ठेवतात. ऑब्री मॅकिन्सचं छोटं पोकलेन या सगळ्या परीक्षांत पहिल्या वर्गात पास झालं. ऑब्री होताच तसा. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण ग्रीस मारायला विसरायचा नाही.

ऑब्री उन्हाळ्यात झोपेतच गेला. त्याचे दोन मुलगे मेलबर्नला. त्यांना सगळं मोडून वाटणी हवी होती, म्हणून गिप्सलँडच्या टेकड्यांत नेहमी होतो तसा शेतावरच लिलाव लागला. कुरणात सगळा पसारा ओळीनं मांडला होता: तारेची भेंडोळी, दुधाचे कॅन, गंजलेला कुळव, बिनजोडीच्या बोल्टांनी भरलेलं खोकं, आणि ओळीच्या शेवटी ते पिवळं पोकलेन. कोपऱ्यात गावच्या बायकांनी सॉसेज-पावाचा ठेला लावला होता. नेव्हिलची बायको लॉरेल तिथं चिमटा घेऊन कांदा परतत होती.

या भागात एक रीत आहे. कुठं लिहिलेली नाही, कुणी शिकवत नाही, आणि कुणी मोडतही नाही. मेलेल्या माणसाच्या घरातल्याच कुणाला एखादी वस्तू परत घ्यायची असेल, तर त्यानं एक लहानशी बोली लावायची आणि बाकी सगळ्यांनी हात खिशात घालून आभाळाकडे बघायचं. लिलाववाला झटकन हातोडा आपटतो, विषय संपतो.

ऑब्रीची मुलगी ब्रॉन हिला पोकलेन हवं होतं. का हवं होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरामागं करड्या चिकणमातीचा उभा उतार आहे. हिवाळ्यातला पाऊस लागायच्या आत ऑब्री दर वर्षी त्या उतारावरचा आडवा चर साफ करायचा. चर तुंबला की पाणी उतारात मुरणार, आणि मग उतारच घरावर येणार. त्या घरात आता ब्रॉन होती आणि अंथरुणाला खिळलेली तिची आई.

ब्रॉननं बोली लावली. सगळ्यांचे हात खिशात गेले. नेव्हिलचा वर गेला.

लिलाववाला कीथ जरा थांबला. भला माणूस, त्यानं पळवाट करून दिली. "काय नेव्ह, माशा फार झाल्यात ना आज? कान खाजवतोयस ना रे?"

लोक हसले. त्या हसण्यातून नेव्हिलला अलगद बाहेर पडता आलं असतं. 'हो, मेल्या माशाच,' एवढंच म्हणायचं होतं. पण आपल्या कुंपणावर चढलेलं ब्लॅकबेरीचं काटेरी रान, गाळानं भरलेलं तळं, फावडं मारून मारून कामातून गेलेली कंबर, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांसमोर आलं. आणि असलं निगुतीनं वापरलेलं यंत्र पुन्हा मिळणार नव्हतं. लिलाव म्हणजे लिलाव, त्यानं मनाशी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "बोली आहे माझी."

ब्रॉननं आणखी एकदा हात वर केला. त्यानंही केला. मग तिनं हात खाली घेतला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. कुणी शिवी दिली नाही, कुणी ओरडलं नाही. ठेल्यावरचा कांदा तेवढा चरचरत होता आणि तो परतायचं लॉरेलला सुचत नव्हतं.

२

"मनाची नाही, तर जनाची तरी ठेवायचीस," घरी येताना गाडीत लॉरेल म्हणाली.

"कायद्यानं घेतलंय."

"कायद्यानं तर माझ्या आईच्या अंत्यविधीला तू हाफचड्डीत येऊ शकला असतास. आलास का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि गाडी मागं वळवणं वेगळं.

खरी शिक्षा पुढं सुरू झाली. दुकानातली पॅम गेली कित्येक वर्षं त्याला 'म्हातारड्या बोकडा' म्हणून हाक मारत आली होती. लिलावानंतर तो पाव आणायला गेला तर ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, नेव्हिल. आणखी काही हवंय?" पेट्रोल भरणारा पोरगेलासा माणूस, जो त्याच्या टकलावरून रोज नवा विनोद करायचा, तो म्हणाला, "थंडी पडायला लागली, नाही?" त्या टेकड्यांत शिवी ही आपल्या माणसाला मिळते. गोड बोलतात ते सरकारी माणसांशी आणि वाट चुकलेल्या पर्यटकांशी. नेव्हिल प्रत्येकाकडून नम्र शब्द गोळा करत घरी यायचा आणि बाथरूममध्ये जाऊन उगाच हात धुवायचा.

पोकलेन मात्र लोण्यासारखं चालत होतं. त्यानं कुंपणावरचं रान उपटलं, तळ्याचा काठ दुरुस्त केला. काम सुबक झालं की बघायला कुणीतरी यावं असं वाटतं. कुणी आलं नाही.

३

शनिवारी त्यानं पोकलेन पाण्याचा फवारा मारून धुतलं आणि शेडमध्ये लावलं. रविवारी काम नव्हतं. सोमवारी सकाळी चहा पिऊन तो शेडमध्ये गेला तर पट्ट्यांना माती लागलेली होती. ओली माती.

नेव्हिलची जमीन तांबडी आहे. कुदळ कुठंही मारा, तांबडीच निघते. पट्ट्यांना लागलेली माती करडी होती.

आधी त्याला वाटलं, धुण्यात हयगय झाली. मग वाटलं, तळ्याच्या तळाशी करडा थर असेल, तो कुठल्यातरी सांध्यातून आता ओघळला. हे पटण्यासारखं होतं, म्हणून त्यानं पटवून घेतलं. तरी तो तळ्याशी गेला आणि हात आत जाईल इतकं खोल खणून आला. तांबडीच.

आणि आणखी एक. पोकलेनचं वरचं धड गोल फिरतं. यंत्र जुनं झालं की शेडसारख्या उतारावर ते रात्रभरात आपल्या वजनानं थोडं वळतं, यात नवल नाही. पण वळतं ते खालच्या अंगाला. हे वरच्या अंगाला वळलं होतं. शेडच्या मागच्या उघड्या बाजूनं घळीपलीकडं ऑब्रीच्या घराचं छप्पर दिसतं. लोखंडी हात पुढं काढून ते त्या छपराकडे तोंड करून उभं होतं.

नेव्हिलनं ते सरळ केलं, फिरू नये म्हणून खीळ घातली आणि चावी स्वयंपाकघरात खुंटीला अडकवली. यंत्र किती तास चाललं हे दाखवणारा काटा सीटच्या खालीच असतो. तो वाकून बघितला असता तर शंका फिटली असती. त्यानं बघितला नाही. बघितलं तर कळेल, याचीच त्याला भीती वाटली.

मंगळवारी पट्टे पुन्हा करडे होते. खीळ काढून नीट सीटवर ठेवलेली होती.

४

पाऊस लागला. त्या भागातला हिवाळ्याचा पाऊस कोसळत नाही, नुसता थांबत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेव्हिलला पलीकडचा उतार दिसायचा आणि उतारावर ब्रॉन दिसायची. हातात फावडं. एवढ्या मोठ्या उतारावर एवढीशी बाई, वाकून उभी राही, पुन्हा वाके. ती खणत होती त्याच्या दुप्पट माती वरून घसरून चरात येत होती.

तो चहाचा कप घेऊन बघत राहायचा. जायला हवं, हे त्याला पुरतं कळत होतं. नुसतं पोकलेन घळीच्या उथळ भागातून पलीकडं न्यायचं आणि म्हणायचं, 'ब्रॉन, माझं चुकलं.' शेडमध्ये एकटा असताना त्यानं ते म्हणूनही बघितलं. 'चुकलं' म्हणेपर्यंत कानांच्या पाळ्या तापल्या. ती काय म्हणेल? काही म्हणणार नाही, ब्रॉन तशी नव्हती. ती नुसती बघेल. ते बघणं सोसण्यापेक्षा उद्या जावं. उद्यासुद्धा तो कप घेऊन खिडकीशीच होता.

गुरुवारी तो शहराकडच्या दुकानातून गुरांचं खाद्य घेऊन परतला तर लॉरेल गुणगुणत होती.

"चहा प्यायलास का? पोकलेनपाशी ठेवला होता. गार झाला असेल."

"कधी?"

"मघाशी रे. तू काम करत होतास तेव्हा."

"लॉरेल, मी आत्ता येतोय. गाडीत पोती आहेत, बघ."

"हो, मग मागनं गेला असशील पोती आणायला. मी काय तुझ्यावर पाळत ठेवून बसते?" ती हसली. मग जवळ आली आणि त्याच्या कॉलरवरचं काहीतरी झटकलं, जे तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. "बरं वाटलं, नेव्ह. आज बोललास ते."

"काय बोललो मी?"

"आता पुन्हा नको बोलूस. एकदा जमलं तुला, तेवढं पुरे आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण बोललोच नाही, हे तिला सांगायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी ती त्याच्याकडे नीट बघत होती. त्यानं ते बघणं ठेवून घेतलं. भुरट्या चोरानं पडलेलं पाकीट खिशात घालावं तसं.

शेडमध्ये कप होता. रिकामा. पट्ट्यावर ठेवलेला, कडेला करड्या बोटाचा ठसा.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. नेव्हिल दुकानातून परतत होता. वळणावर रस्ता घळीच्या काठाशी येतो, तिथं त्याला इंजिनाचा आवाज आला आणि त्यानं काच खाली केली.

ऑब्रीच्या उताराच्या बाजूनं आवाज येत होता. छोट्या पोकलेनचाच. कुणीतरी ब्रॉनला दुसरं यंत्र दिलं असेल, त्याच्या मनात आलं, आणि त्याला एवढं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच लाज वाटली. बरं झालं, सुटलो. मग त्यानं नीट ऐकलं. मातीनं भरलेली बकेट उचलताना इंजिन एक ठोका गाळत होतं. ती खोड त्याला चांगली ओळखीची होती.

धुकं जरा फाटलं. पिवळा लोखंडी हात वर गेला, वळला, रिकामा झाला. सीटवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात हिरवा रेनकोट. डावा खांदा किंचित वर, कंबर दुखणारा माणूस बसतो तसा. ऑब्री कधी तसा बसला नव्हता. ऑब्रीची पाठ फळीसारखी ताठ होती.

नेव्हिलला ती बसण्याची पद्धत कुठंतरी बघितल्यासारखी वाटली. कुठं, ते आठवलं तसं त्यानं काच वर केली. लॉरेल त्याला नेहमी म्हणायची, 'खांदा पाड, फोटोत वाकडा येतोस.'

तो गाडी हाणत घरी आला. रस्त्यानं जेमतेम चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. पट्ट्यांवर रांगणाऱ्या यंत्राला घळ ओलांडायला याच्या कितीतरी पट लागतो. पोकलेन शेडमध्ये होतं. त्यानं इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला. त्याचा स्वतःचा हिरवा रेनकोट खिळ्यावर लटकत होता, आणि त्याच्या टोकांवरून थेंब थेंब पाणी जमिनीवर पडत होतं.

मग त्यानं एक विचित्र गोष्ट केली. रेनकोटच्या आतल्या अंगाला हात लावला. ऊब होती. माणसाच्या अंगाची असते तेवढीच.

६

"या, म्हातारड्या बोकडा!"

सोमवारी दुकानाच्या दारातच पॅम ओरडली. नेव्हिलला रडू येईल असं वाटलं.

"आलास ना शेवटी माणसांत? सगळं कळलं आम्हाला. ब्रॉननं सांगितलं. रोज जातोस म्हणे पावसात. आधी दगड घालायचा डोक्यात आणि मग पट्टी बांधायची, असला मेला तुझा स्वभाव."

"मी... पॅम, ते..."

"लाजतोय बघा टकल्या!" पेट्रोलवाला मागून म्हणाला, आणि दुकानातले सगळे हसले. कीथ लिलाववाल्यानं त्याच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. पॅमनं मटण भरलेली गरमागरम पेस्ट्री कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबली. "पैसे काढलेस तर हात मोडीन."

आता सांगायचं, त्यानं ठरवलं. आता. तो मी नव्हतो. सगळे त्याच्याकडे बघत होते, जुन्या, रागावलेल्या, आपल्या नजरेनं. त्यानं तोंड उघडलं आणि पेस्ट्रीचा लचका तोडला.

पेस्ट्री चांगली होती. त्यानं ती शेवटच्या कणापर्यंत खाल्ली, कागदाला लागलेला रस्सासुद्धा. मग गाडीत बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून राहिला. चोरी करणाऱ्याची भूक तरी खरी असते. आपण दुसऱ्याच्या चांगुलपणाचं खाल्लं, आणि तो दुसरा कोण ते विचारलंही नाही, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी शेड रिकामी होती. भर दुपारी. पट्ट्यांच्या ठशांची जोडी दारातून निघून चिखलातून सरळ घळीकडं गेली होती. चावी स्वयंपाकघरात खुंटीलाच होती. रेनकोट नव्हता.

लॉरेल आत कुणाशीतरी फोनवर बोलत होती. "हो गं," ती म्हणत होती, "अगदी बदललाय."

नेव्हिल तसाच, डोक्यावर काही न घेता, पावसात चालायला लागला.

७

घळ ओलांडून तो उतारावर चढला आणि थांबला. चर दिसत होता. उताराच्या या टोकापासून वर पावसात दिसेनासा होईपर्यंत, स्वच्छ, कातून काढल्यासारखा. बकेटच्या दातांचे ओरखडे चिकणमातीत ताजे होते. पाणी खळखळत घराला वळसा घालून घळीकडं चाललं होतं. नेव्हिलला इतका सरळ चर कधी साधला नव्हता. मन लावून केलं असतं तर साधला असता, एवढंच.

त्यानं ब्रॉनचं दार वाजवलं. तिनं उघडलं, हात पिठाचे, केस कसेतरी बांधलेले. त्याला बघून ती हसली. लिलावाच्या दिवसानंतर त्यानं तिचा चेहरा इतक्या जवळून बघितला नव्हता.

"झालं पण? वरचं टोक राहिलंय म्हणत होतास ना? आणि रेनकोट कुठं टाकलास, मूर्खा? ये आत, चहाबरोबर खायला स्कोन होतायत."

"ब्रॉन," तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही."

"झालं याचं सुरू." तिनं कपाळाला हात लावला, कपाळ पिठानं माखलं. "नेव्ह, पुरे आता. परवा या पायरीवर बसून पोरासारखा रडलास. आईच्या खोलीत जाऊन तिचा हात धरून माफी मागितलीस. ती किती महिन्यांनी हसली ठाऊक आहे? मी खूप चिडले होते तुझ्यावर, खोटं कशाला बोलू? पण असं मोकळ्या मनानं कुणी बोललं की राग धरून तरी काय करायचं?"

"तो मी नव्हतो."

"बरं बाई, तू नव्हतास."

"ऐक माझं." त्याचा आवाज फाटला. आता थांबलो तर पुन्हा कधीच नाही, हे त्याला कळत होतं. "मी आज पहिल्यांदा येतोय. चर मी काढला नाही. मी खिडकीतून तुला फावडं मारताना बघत होतो, रोज, चहा पीत. कीथनं मला वाट दिली होती, तरी मी बोली लावली. हावरेपणा केला. आणि माफी मागायला आलो नाही, कारण लाज वाटत होती. माझं चुकलं, ब्रॉन. हे मी म्हणतोय. आत्ता."

सगळं बोलून झालं. एवढे दिवस जे घशात अडकलं होतं ते इतकं थोडं होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात वर, उताराच्या टोकाशी, इंजिन सुरू झालं. बकेट खाली गेली. भरली. उचलताना एक ठोका गळला.

ब्रॉननंही ते ऐकलं. तिनं त्याच्या खांद्यावरून वर बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा वर. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर थोडं रेंगाळलं. ती एक पाऊल मागं सरली. आवाजापासून नाही. त्याच्यापासून.

"ब्रॉन, मी नेव्हिल," तो म्हणाला. "अगं, मी."

तिनं दार अर्धं ओढून घेतलं. फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता, आणि दाराच्या कडेवर पिठाची बोटं.

आतून म्हातारीचा क्षीण आवाज आला. "ब्रॉन, कोण आलंय गं?"

"कुणी नाही, आई."

मग ती त्याच्या डोक्यावरून, उताराच्या दिशेनं, जीव खाऊन ओरडली. "नेव्ह! नेव्ह, खाली ये लवकर!"

इंजिन बंद पडलं. नुसता पाऊस ऐकू यायला लागला. मग चिखलात बूट वाजले. कुणीतरी घाईनं उतरत होतं, काळजीनं, शेजाऱ्याच्या हाकेला माणूस धावतो तसं.

वळून बघायला हवं होतं. एवढं तरी करायला हवं होतं. पण जो येत होता त्यानं पावसात चर काढला होता, म्हातारीचा हात धरला होता, तो लॉरेलशी बोलला होता. त्याला आपलं तोंड दाखवायचं, ही कल्पनाच नेव्हिलला सोसेना. मान खाली घालून, बुटांचा आवाज होऊ न देता, तो घराच्या दुसऱ्या बाजूनं निघून गेला.